दोन खाचांचा घडीचा चाकू

अर्जदार : प्रस्तुत लेखक, वय वर्षे बावन्न, शिक्षण नववी उत्तीर्ण, धंदा अर्जलेखन, बसण्याचे ठिकाण भंडारा जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी, कचेरीसमोरील कडुनिंबाखाली.
गैरअर्जदार : तोच.
साक्षीदार क्रमांक एक : लेखकाची थोरली बहीण, विधवा, वय एकसष्ट, डावे अंग लकव्याने निकामी.
साक्षीदार क्रमांक दोन : गावातील लोहार, ज्यांना सर्वजण मिस्त्री म्हणतात.
साक्षीदार क्रमांक तीन : पोलीस ठाण्यातील एक हवालदार.
घटनेचा काळ : गेल्या भाऊबीजेपासून संक्रांतीच्या दुसऱ्या दिवसापर्यंत.
मुद्देमाल : घडीचा चाकू, नग एक, मिटलेला असता वीतभर लांब, मूठ धावड्याच्या लाकडाची.

नावे मी जाणूनबुजून दिलेली नाहीत. एका अर्जात एक नाव लिहिल्याने काय झाले, तेच पुढे सांगायचे आहे. मधे एक उन्हाळा गेला, परंतु त्या दुपारची आठवण आली की चालू ओळीच्या मध्येच माझा हात थांबतो आणि समोर बसलेला माणूस विचारतो, बाबूजी, तब्येत बरी आहे ना.

सव्वीस वर्षे मी अर्ज लिहीत आहे. सातबारा, वारसान, धुऱ्याची म्हणजे शेताच्या बांधाची भांडणे, रेशनकार्ड, मारहाण. माणूस येतो, उकिडवा बसतो, रडतो किंवा शिव्या देतो, आणि मी त्यातून भाषा काढतो. माझा अर्ज साहेब लोक चष्मा पुसून वाचतात असे या तालुक्यात म्हटले जाते. ते मी आजवर खोडून काढलेले नाही.

साक्षीदार क्रमांक एक, म्हणजे माझी बहीण, हिला आम्ही घरात बाई म्हणतो. तिचे घर आसगावच्या बाजूला एका खेड्यात. नवरा जाऊन बरीच वर्षे झाली, मूलबाळ नाही, धानाच्या दोन बांध्या बटईने, म्हणजे वाट्याने कसायला दिलेल्या, घरामागे भाजीची वाडी. गेल्या आषाढात रोवणीच्या दिवसांत तिला लकवा झाला आणि मी तिला माझ्या घरी आणले. दसऱ्यापर्यंत ती पाय ओढत चालू लागली. डावा हात मात्र परत आला नाही. तो तिच्या बाजूला दुसऱ्या कोणाचा असावा तसा लटकलेला असे.

भाऊबीजेला मी तिला विचारले, यंदा साडी कोणत्या रंगाची आणू.

"साडी नको आणू गा," ती म्हणाली. "मले कापाले काईतरी दे. ज्या दिवशी मी माह्या हातानं भाजी कापीन, त्या दिवशी मी माह्या घरी जाईन."

"पावशी आहे ना घरात," मी चुलीजवळच्या विळीकडे बोट दाखविले.

"पावशीवर बसून पाह्य. एक पाय लाकूड, एक हात लाकूड, असं बसजो. मंग सांगजो मले."

मी बसलो नाही. माझी पत्नी बसली. तिने एक पाय ताठ केला, डावा हात पाठीमागे नेला आणि पावशीवर वांगे धरले. वांगे घरंगळत चुलीपाशी गेले. पत्नीने उठून वांगे उचलले आणि परत टोपलीत ठेवले. बाईने साधी सुरीही करून पाहिली होती, पण धरायला दुसरा हात नसला की सुरीखालून भाजी पळते. शिवाय तिला ती वस्तू कमरेच्या बटव्यात ठेवून वाडीत आणि धुऱ्यावर न्यायची होती. उघडे पाते कमरेला लावून एका पायावर लंगडत जाणारी बाई मला डोळ्यांसमोर आणवेना.

तेव्हा मी ठरविले की असा चाकू निर्माण करावा जो आजवर कोणी केला नाही. एका हाताने उघडेल, एका हाताने मिटेल, आणि मध्येच मिटून बोट कापणार नाही. माझ्या पद्धतीप्रमाणे मी त्याचा मसुदा केला. लांब कागदावर, समास सोडून, सतरा कलमे. तो घेऊन मी मिस्त्रींकडे गेलो. धानाची कापणी नुकतीच आटोपली होती, त्यांच्या दारातली विळ्यांची रांग कमी झाली होती. मी उभ्याउभ्याच वाचायला सुरुवात केली.

"कलम चार. सदर चाकू वापरकर्त्याच्या इच्छेविरुद्ध मिटता कामा नये."

मिस्त्री कानस चालवीत ऐकत होते. सतरावे कलम संपल्यावर त्यांनी कानस खाली ठेवली. "बाबूजी, लोखंडाले वाचता येत नाई. बाईचा हात कसा चालते, ते सांगा."

हे मला सांगता आले नाही. मिस्त्री दुसऱ्या दिवशी स्वतःच माझ्या घरी आले. बाईसमोर बसले, तिला पेला धरायला लावला, दोरी ओढायला लावली, आगपेटी उघडायला लावली. मग तणसाची एक काडी घेऊन तिच्या अंगठ्याच्या लांबीची मोडली, दुसरी तळहाताच्या रुंदीची मोडली, आणि दोन्ही काड्या टोपीच्या दुमडीत खोचून निघून गेले. माझा मसुदा त्यांनी मागितला नाही.

पहिला नमुना त्यांनी जुन्या जीपच्या कमानपट्ट्यातून काढला आणि आमच्या ओसरीवर दाखवायला आणला. पात्यावर पितळेची एक घुंडी बसविली होती. ती अंगठ्याने सरकविली की पाते मुठीतून बाहेर येई. मोडक्या छत्रीच्या दांड्यात जी दाबायची स्प्रिंग असते, ती त्यांनी मुठीत घातली होती. ती पात्याच्या बुडाशी कोरलेल्या खाचेत बसली की पाते अडके, आणि दाबली की सुटे. कल्पना चांगली होती. परंतु खाच चुकीच्या जागी पडली. पाते पूर्ण न उघडता मध्येच, मुठीशी काटकोन करून उभे राहिले.

"हा दोष आहे," मी म्हणालो. "कलम दोन पाहा."

मिस्त्रींनी मान हलविली, चाकू परत न्यायला उचलला. तेवढ्यात बाईने हात पुढे केला. "द्या इकडं." ती ओसरीच्या लाकडी बाकावर बसली, मूठ उजव्या मांडीखाली सरकवली आणि वर दाब देऊन बसली. पाते तिच्या गुडघ्याजवळ पावशीसारखे सरळ उभे राहिले. टोपलीतले वांगे तिने उजव्या हातात घेतले आणि पात्यावर टेकवून खाली दाबले. दोन फोडी तिच्या लुगड्यावर पडल्या.

तिने दुसरे वांगे घेतले.

"मिस्त्री, असंच राहू द्या."

"मंग सरळ उघडाले नाई पायजे?"

"सरळ बी पायजे. धुऱ्यावर लाखोरीची भाजी खुडाले काय बाक डोक्यावर घेऊन जाऊ?"

मिस्त्री हसले. पहिली खाच न बुजवता त्यांनी दुसरी खाच पाडली. अर्धा उघडला की मांडीखालची पावशी, पुरता उघडला की चाकू, मिटला की बटव्यात. असा चाकू मी कोठे पाहिलेला नव्हता, आणि आजही पाहिलेला नाही. तो ज्या क्षणी तयार झाला त्या क्षणी मी हातात सतरा कलमे घेऊन उभा होतो.

पुढचे दिवस घरची सगळी भाजी बाईने कापली. एके दिवशी बाजारातून आणलेला कोहळाही तिने एका दाबात फोडला आणि पत्नीकडे असे पाहिले की पत्नीला हसू आवरेना. मार्गशीर्ष संपता संपता तिने आपली लुगडी एका गाठोड्यात बांधायला घेतली. संक्रांतीच्या तिसऱ्या दिवशीच्या बसने घरी जायचे, असे तिने स्वतःच ठरविले. मला फक्त कळविले.

आता माझी चूक.

चाकूची वार्ता कडुनिंबापर्यंत आली होती. आठवडी बाजारात विळे-खुरपी विकणारा एक गृहस्थ मुद्दाम पाहायला आला आणि जाताना म्हणाला, असे शंभर काढले तर खपतील. हे ऐकून मला चैन पडेना. कोणी नक्कल केली तर पुरावा काय. माझ्या धंद्याची एक शिकवण आहे : ज्या कागदावर कचेरीची पोच नाही, तो कागद जन्मलाच नाही. म्हणून चाकूची रचना आपल्या नावे नोंदवावी असा कचेरीला अर्ज लिहायला मी बसलो.

येथे एक गोष्ट मला नंतर उमगली, ती आधी सांगतो. सव्वीस वर्षांत माझ्या लेखणीखाली चाकू आला तो नेहमी मारहाणीच्या तक्रारीतूनच. भाजी कापणारा चाकू माझ्याकडे कधी कोणी आणला नव्हता. त्यामुळे मी चाकू म्हणालो की शब्द आपोआप रांगेत येऊन उभे राहिले, आणि मी त्यांना ओळखीचे म्हणून बसवून घेतले. मी लिहिले :

"सदर धारदार हत्याराची संकल्पना व रचना सर्वस्वी अर्जदाराची असून ते एका हाताने, क्षणार्धात उघडते, उघडल्यावर मिटत नाही व कमरेस लपवून बाळगण्यास सोयीचे आहे. चाचणी घेतली असता एकाच वारात कोहळ्याचे दोन तुकडे झाले. सदर हत्यार उपरोक्त लोहाराकडून त्याच्या राहत्या घरी बनवून घेण्यात आले असून अशी अनेक हत्यारे बनवून पुरविण्याचा मानस आहे."

उपरोक्त लोहार म्हणजे मिस्त्री. त्यांचे संपूर्ण नाव, वडिलांचे नाव व घराची चतुःसीमा मी पहिल्याच परिच्छेदात दिली होती, कारण चतुःसीमेशिवाय अर्ज मला अपुरा वाटतो. शेवटी सवयीने दोन ओळी घातल्या. एक : मजकूर सांगितल्याप्रमाणे लिहिला, मजकुरास लेखक जबाबदार नाही. दुसरी : प्रत पोलीस ठाण्यास, माहिती व उचित कार्यवाहीस्तव सादर.

संध्याकाळी मी तो पत्नीला वाचून दाखविला. तिने शेवटपर्यंत ऐकले.

"बाईचं नाव कुठं आहे?"

"बायामाणसांची नावे कचेरीत ओढायची नसतात."

"आणि मिस्त्रीचं ओढाचं असते?"

"ते कारागीर आहेत. रचना माझी आहे."

पत्नी उठून भाताला गेली. दुसऱ्या दिवशी मी कचेरीत आणि ठाण्यात, दोन्ही ठिकाणी अर्ज दिला, पोच घेतली आणि ती प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून पेटीत ठेवली. त्या दिवशी मला आपण शिकलो नाही याचे काही वाटले नाही.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिवशी दुपारी मी कडुनिंबाखाली एका वारसानाच्या अर्जात गढलो होतो. चहावाला रस्ता ओलांडून आला. "बाबूजी, मिस्त्रीले ठाण्यात नेलं. चाकू सापडला म्हणते त्याच्या घरी."

मला जे वाटले ते मी येथे लपविणार नाही. मला वाटले, मिस्त्रींचे कोणाशी तरी भांडण झाले असावे. आता त्यांच्या सुटकेचा अर्ज आपल्यालाच लिहावा लागणार. मी नवा कागद घेतला, पेनाचे टोपण पाहिले, आणि ठाण्याकडे चालताना मनात पहिले वाक्य जुळवीत होतो.

आत मिस्त्री भिंतीशी जमिनीवर बसले होते. अंगावर कामाची बनियन, हातावर कोळशाची काजळी तशीच. टेबलावर बाईचा चाकू होता. दुसऱ्या दिवशी ती घरी जाणार म्हणून शेवटची धार लावायला त्यांच्याकडे दिलेला. आणि चाकूशेजारी एक कागद होता, ज्याचा समास मी ओळखला. माझ्याइतका सरळ समास या तालुक्यात कोणी सोडत नाही.

हवालदारांनी मला पाहिले. "या बाबूजी. तुमालेच बोलवाले माणूस पाठवत होतो. अक्षर तुमचंच ना?"

"हो."

"मंग ऐका." आणि ते वाचू लागले. मी आजवर माझे अर्ज दुसऱ्यांना वाचून दाखविले आहेत. माझा अर्ज मला कोणी वाचून दाखविलेला नव्हता. क्षणार्धात उघडते. लपवून बाळगण्यास सोयीचे. एकाच वारात. अनेक हत्यारे बनवून पुरविण्याचा मानस. प्रत्येक शब्द माझा होता आणि प्रत्येक शब्दागणिक भिंतीशी बसलेला माणूस अधिक मोठा गुन्हेगार होत होता.

"उचित कार्यवाही करा, असं तुमीच लिहिलं," हवालदार म्हणाले. "आमी केली. आता खाली काय लिहिलं पाहा. सांगितल्याप्रमाणे लिहिला, लेखक जबाबदार नाई. मंग सांगितलं कोनं तुमाले? यानं?"

येथे माझ्याकडून जे घडले त्याचा धक्का मला अजून पचलेला नाही. मला म्हणायचे होते की सांगणारा कोणी नाही, सगळे मीच रचले. त्याऐवजी माझ्या तोंडून निघाले, "साहेब, मी फक्त लिहितो."

मिस्त्रींनी वर पाहिले. रागाने नव्हे. एखाद्या लोखंडी पट्ट्याला भट्टीत घातल्यावर तो आतून फुटका निघावा, तेव्हा ते जसे पाहतात तसे. मग त्यांनी मान खाली घातली आणि बोटांची काजळी बनियनला पुसू लागले.

चहावाल्याने घरीही वार्ता पोचविली होती. दारात आवाज झाला आणि बाई आत आली. पत्नीने तिला काखेत धरले होते. तिचा पाय उंबऱ्याला अडकला, हवालदार स्वतः उठून पुढे झाले.

"बसा आजी. काय तक्रार आहे?"

"तक्रार नाई जी. तो चाकू माहा आहे. उद्या मले घरी जाचं आहे, न्याले आली."

"तुमचा? इथं तर लिहिलं आहे, हत्यार आहे म्हणून."

"कोनं लिहिलं?"

हवालदारांनी नुसते माझ्याकडे पाहिले. बाईनेही पाहिले. मग ती बाकावर बसली आणि पत्नीला खूण केली. पत्नीने पदरातून दोन वांगी काढली. हवालदारांनी क्षणभर विचार केला आणि चाकू तिच्या हाती दिला. अंगठ्याने घुंडी सरकली, पहिल्या खाचेत पाते उभे राहिले, मूठ मांडीखाली गेली. दोन्ही वांग्यांच्या फोडी ठाण्याच्या फरशीवर पडल्या. एक फोड मिस्त्रींच्या पायाशी गेली. त्यांनी ती उचलली, पाहिली आणि म्हणाले, "धार बरी लागली."

"हे असं अर्ध्यावर थांबते, ते कोनं काढलं?" हवालदारांनी विचारले.

"ह्यांच्या कानशीनं चुकून झालं," बाई म्हणाली, "आणि माह्या बुडाखाली समजलं."

कोपऱ्यातला शिपाई खोकल्यासारखा हसला. हवालदारही हसले असते, पण त्यांनी अर्ज परत हाती घेतला होता. मिस्त्रींना त्यांनी तेव्हाच घरी जायला सांगितले. चाकूचे मात्र काही करता येत नव्हते. "कागद आवक झाला आहे, बाबूजी. शिक्का तुमीच मारून घेतला. हत्यार म्हणून आलेली वस्तू मी भाजीचा चाकू म्हणून देऊ कशी? वरून हुकूम येऊ द्या." मी तेथल्या तेथे अर्ज मागे घेण्याचा अर्ज लिहिला. तो त्यांनी घेतला, आणि पहिल्या अर्जाला टाचणी मारून जोडला.

हुकूम अजून आलेला नाही. संक्रांतीच्या तिसऱ्या दिवसाची बस बाईला न घेता गेली. गाठोडे काही दिवस कोपऱ्यात बांधलेले राहिले, मग एके सकाळी पत्नीने पाहिले तर बाईने ते दातांनी गाठ सोडून उलगडले होते. तिने मला दोष दिला नाही. एकदाच, ताटातली कोणीतरी कापून दिलेली भाजी पाहत ती म्हणाली, "तू लिहिलं नसतं, तर मी आज माह्या घरी असती."

मी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी मला बसायला पोते दिले, चहा सांगितला. दुसरा चाकू कराल का, असे विचारल्यावर त्यांनी भात्याची दोरी हातातून सोडली.

"विळे करीन, खुरपे करीन, कुऱ्हाडीले दांडा घालीन. घडीचं आता काई करनार नाई, बाबूजी. माह्या बापाचं नाव त्या दिवशी ठाण्यात मोठ्यानं वाचलं. बाप मरून वीस वर्सं झाली. त्याले कोणी कधी ठाण्यात नेलं नव्हतं."

मी चहा घेऊन उठलो.

सबब, प्रस्तुत लेखक आपल्या शुद्धीत व कोणाच्याही दबावाशिवाय असे नमूद करतो की, सदर चाकूची रचना त्याची नाही. पाते, घुंडी, स्प्रिंग व दोन्ही खाचा मिस्त्रींच्या. अर्ध्या उघडलेल्या चाकूचा उपयोग ओळखला तो बाईने. लेखकाच्या सतरा कलमांपैकी एकही त्यात वापरण्यात आलेले नाही. ठाण्यात "मी फक्त लिहितो" असे जे विधान त्याने केले ते खोटे होते. आणि मिस्त्रींच्या वडिलांच्या ज्या नावाला त्याने अकारण बट्टा लावला, त्या नावाच्या वारसासमोर तो हा मजकूर स्वतः, त्यांच्याच दारात, आळीतील माणसे हजर असताना वाचून दाखविणार आहे.

तरी मिस्त्रींना नम्र विनंती की त्यांनी आपल्या निर्णयाचा एकवार फेरविचार करावा. लेखकास क्षमा करावी असे यात मागितलेले नाही. बाईला तिच्या घरी जायचे आहे, एवढेच मागणे आहे. होकार असो वा नकार, आपले उत्तर कृपया लेखकास न देता प्रत्यक्ष बाईला द्यावे. ती रोज सकाळी ओसरीवरील बाकावर बसलेली असते.